मुक्या पाण्याची बाटली

अन्याय माझ्या मोठ्या चुलतीवर झाला. गेल्या वैशाखातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण गावाच्या वरच्या अंगाला पंप धडधडायला लागला तेव्हा मी ओटीवर बसून मोबाईलवर पत्रकाचा मजकूर लिहीत होते आणि त्या आवाजानं माझं बोट चुकलं. चुकलेला शब्द पुसताना घड्याळ दिसलं. पत्रक दारूबंदीचं होतं. पाण्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

चुलतीला घरात सगळे मोठीआई म्हणतात. माझी आई खोपोलीच्या एका कारखान्यात कॅन्टीनला जायची, त्यामुळे मला न्हाऊ घातलं, बडवलं, शाळेत ढकललं ते मोठीआईनं. अन्याय तसा साऱ्या गावावर झाला. पण ‘गावावर अन्याय’ असा मथळा दिला की लोक तो कागद भज्यांखाली घालतात, हे मी पत्रकं वाटता वाटता शिकले आहे. म्हणून एका बाईचं सांगते. ती आज जिवंत आहे आणि तिला प्यायला पाणी नाही. नळ आहे घरात. तरी पाणी नाही. कसं ते सांगते.

दहिवली मागे टाकून डोंगराकडे वळलं की आमचं गाव. भाताची खाचरं संपतात आणि चढ सुरू होतो, तिथे एका जांभळीच्या मुळांतून झरा यायचा. खाली दगडात बांधलेलं कंबरभर खोल कुंड. नळ आला, मोटारी आल्या, तरी पिण्याचं पाणी लोक तिथूनच आणायचे. ऐन उन्हाळ्यात ते इतकं गार असायचं की मागच्या दाढा ठणकायच्या. झऱ्याला आवाज होता. खळखळ नाही. कुणीतरी घाईघाईनं घोट घेतंय, असा. गुटुक, मग थोडं थांबून परत गुटुक. माझ्या घरापर्यंत ऐकू यायचा. लहानपणी त्या आवाजात झोप लागायची.

तिथं पाणी भरायची एक रीत होती. हंडा बुडवताना पाणी कुणासाठी ते मोठ्यानं सांगायचं. नुसतं ‘घरच्यांसाठी’ चालायचं नाही, नावं घ्यावी लागायची. पाहुण्याचं नाव माहीत नसेल तर ‘आलेल्या पावण्यासाठी’. बाळाचं बारसं व्हायचं असेल तर ‘काल आलेल्यासाठी’. मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं तेही तिथलंच, आणि फक्त तेव्हा नाव पुरं घ्यायचं, बापाच्या नावासकट. जगणाऱ्याचं अर्धं, जाणाऱ्याचं पुरं. नाव न घेता भरलं तर ते मुकं पाणी. मुकं पाणी माणसानं प्यायचं नाही, केळीला ओतायचं.

“प्यालं तर काय होतं?” मी एकदा विचारलं होतं. आठ-नऊ वर्षांची असेन. मोठीआई राखेनं हंडा घासत होती.

“काय होतंय? काय नाय होत. ते इचारत राहतं.”

“काय विचारतं?”

“कुनासाठी, म्हनून.”

“मग सांगायचं ना!”

“सांगशील गं. एकदा सांगशील, दोनदा सांगशील. ते थांबत नाय.”

मी हसले होते. पुढे विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेतलं तेव्हाही मैत्रिणींना ही गोष्ट सांगून हसवलं होतं.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय ही पुरी होत नाही. आमच्या गावाच्या फाट्यावर एक बार होता. तो बंद करायला आम्ही बायका तीन वर्षं भांडलो. मतदान झालं. दारू राहू दे म्हणणाऱ्यांनी उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, नको म्हणणाऱ्यांनी आडव्या. मोठीआई काठी टेकत रांगेत सगळ्यात पुढे उभी होती. आडवी बाटली जिंकली, बारला टाळं लागलं आणि मला वाटलं, आता मला लढाई कळते.

मग डोंगराच्या पलीकडे, खालापूरच्या बाजूला एक कंपनी आली. बिअरची लहान भट्टी टाकायची म्हणाली. साधी बिअर नव्हे, क्राफ्ट एल. हातानं, थोडी थोडी करतात, जाड आणि गडद असते, असं त्यांचा माणूस समजावत होता. वरच्या माळावर बोअर मारायला आणि झऱ्यातून पाणी न्यायला त्यांना आमच्या ग्रामसभेचा ठराव हवा होता. झऱ्यापाशी बसून पिण्याची एक जागाही करणार होते. बाकडी, दिवे वगैरे.

मी तुटून पडले. गावाच्या हद्दीत एक थेंब दारू विकू देणार नाही! बायकांनी बांगड्यांचे हात आपटले. कंपनीचा माणूस फार शांत होता. ताई म्हणतील तसं, म्हणाला. ठरावाचं पहिलं कलम मी सांगितलं तसं शब्दन् शब्द लिहिलं गेलं: गावाच्या हद्दीत विक्री नाही, प्राशन नाही, जाहिरात नाही. मी ते उभं राहून वाचलं. टाळ्या पडल्या. दुसरं कलम पाण्याचं होतं. तेही मी वाचलं, पण जसं लग्नपत्रिकेतलं ‘आपले नम्र’ वाचतो तसं. दारूच्या लढाईत वाढलेल्या बायका आम्ही. आमचे डोळे बाटलीवर. बाटलीत काय जाणार आहे ते बघायची सवयच नव्हती आम्हाला.

एकटी मोठीआई मागून बोलली. “ते टँकरवाले पानी भरतील ते कुनाच्या नावानं?”

सभा हसली. मीही हसले, आणि वर माइकवरून म्हणाले, “मोठीआई, टँकरला नाव नसतं. नंबर असतो.”

आणखी हशा. मग महिला समितीची सचिव म्हणून माझी सही झाली.

तो मंगळवार उजाडला. पंप सकाळी सात दहाला सुरू झाला आणि दिवस कलेपर्यंत चालू होता. कुंड उपसलं गेलं, झऱ्याच्या तोंडाला पाइप लावून येईल तेवढं ओढलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून वरच्या माळावर बोअर. तीन बोअर. आठवड्याभरात झऱ्याचा आवाज बारीक झाला. मग गुटुक आणि गुटुकमधलं अंतर वाढत गेलं. बायका हंडा लावून बसून राहायच्या, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशा. ज्येष्ठात एका सकाळी आवाज आला नाही. पावसाळ्यात झरा फुटेल असं सगळे म्हणाले. पावसाळा आला नि गेला. कुंडात वरून पडलेलं पाणी साठलं, हिरवं झालं, बेडकं झाली. मुळांतून काही आलं नाही.

मोठीआईला हे माहीत नव्हतं. त्याच वैशाखात ती ओटीवरून उतरताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मागच्या खोलीत खाटेवर. झरा आटलाय हे तिला सांगायचं नाही असं घरात ठरलं, आणि ते ठरवण्यात मीच पुढे होते. नळाचं पाणी माठात गार करायचं, तांब्यात ओतायचं, आणि दारातून आत येताना धाप लागल्यासारखं करून तिचं नाव घ्यायचं. हे नाटक मी किती महिने केलं. ती घोट घ्यायची आणि भिंतीकडे बघून म्हणायची, “मुकं हाय.”

“नाव घेऊनच भरलंय गं.”

“तू घेतलंस. त्यानं ऐकलं नाय.”

भाद्रपदात पुण्याच्या एका कार्यकर्त्या मैत्रिणीनं फोनवर फोटो पाठवला. लाकडी टेबलावर काळपट बाटली, लाखेनं बंद केलेली. वर चित्र: जांभूळ, तिची मुळं, दगडी कुंड. ‘ही तुमचीच जागा ना गं?’ असा तिचा प्रश्न. मी फोटो मोठा करून इंग्रजी मजकूर वाचला. एकाच झऱ्याच्या पाण्यापासून, एकदाच केलेली. मर्यादित आवृत्ती, पुस्तकाची असते तशी. आणि खाली बारीक अक्षरात: हा झरा आता अस्तित्वात नाही.

ही ओळ परत वाचा. मी पुष्कळदा वाचली आहे. झरा मारला, आणि तो मेला ही गोष्ट मालाचा गुण म्हणून छापली. तो मेला म्हणून बाटली दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून लोक तिच्यामागे वेडे. मी संतापून पत्रक काढलं, कर्जत स्टेशनबाहेर वाटलं. लोकांनी घेतलं. भज्यांखाली गेलं असेल.

या माघात मोठीआईनं पाणी पिणं बंद केलं. जेवण आधीच कमी झालं होतं. आता तांब्या तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. कर्जतच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि दोन दिवसांनी घरी न्यायला सांगितलं. घरी आल्यावर ती एकदाच बोलली. “झऱ्याचं आना. नायतर राहू द्या.”

राहू द्या म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

झऱ्याचं पाणी जगात फक्त एका ठिकाणी होतं. लाखेखाली, कडू करून. आणि मी जन्मात दारूला हात न लावलेली, दुकानांपुढे ठिय्या मारणारी. खोपोलीच्या ज्या वाइन शॉपपुढे मी दोनदा घोषणा दिल्या होत्या, त्याच दुकानाच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी चढले. मालकानं पेपर खाली ठेवला.

“आज एकट्याच? मोर्चा कुठं ठेवला, ताई?”

“मला एक बिअर हवी आहे.”

त्यानं आत हाक मारली, “ए, बाहेर ये रं! बघ कोन आलंय!” त्याचा भाऊ हात पुसत आला. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी फोनवरचा फोटो पुढे केला. मालकाची थट्टा एकदम उतरली.

“ही आमच्यासारख्या दुकानात येत नाय. ज्यांना बोलावणं त्यांनाच मिळाली. आनि ज्यांच्याकडं हाय ते पीत नायत. कपाटात ठेवतात. फोटो काढतात.”

“न पिता?”

“न पिता. घ्या की त्यांना तुमच्या चळवळीत.”

भाऊ हसला. मालक हसला नाही. मी वळले तेव्हा हळू आवाजात म्हणाला, “ताई, एक गिऱ्हाईक सांगत होता. ज्यांनी उघडली, त्यांनी दुसरी घेतली नाय.”

घरी येऊन मी माथेरानला फोन केला. मोठीआईचा मुलगा, माझा चुलतभाऊ, तिथं एका हॉटेलात वाढपी आहे. मी त्याला दादा म्हणते. आईची अवस्था त्याला माहीत होती, तो रजा मागतच होता. हॉटेलच्या बारमध्ये अशी बाटली कधी दिसली का, एवढंच मी विचारलं. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“एक हाय माझ्याकडं,” तो म्हणाला. “दिवाळीपासून हाय.”

“आणि तू बोलला नाहीस?”

“तू ये. मी एकटा ती खाली आननार नाय.”

दस्तुरीपासून पुढे गाडी जात नाही. मी चालत गेले. लाल धुळीत घोड्यांचे माग, एक म्हातारी हातरिक्षात बसून चाललेली, दोघं ओढणारे आणि एक मागून रेटणारा. भर दुपार होती, ऊन होतं, माणसं होती. हे सांगते अशासाठी, की पुढचं वाचून कुणी म्हणू नये की धुक्यात भास झाला असेल. दादाची खोली हॉटेलच्या मागे, स्वयंपाकघराला लागून. त्यानं पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी हॉटेलच्या टॉवेलात ती बाटली गुंडाळलेली होती. त्यानं टॉवेलासकट माझ्या हातात दिली, बाटलीला बोट लागू दिलं नाही.

“गिऱ्हाईकाची,” तो म्हणाला. “दोन घेऊन आला होता. मोठा माणूस, एकटाच. गॅलरीत बसून एक उघडली, मला म्हनतो, बस, तूही चव घे. मी म्हटलं, साहेब, घरी बहीन दारूबंदीवाली हाय, मारेल. हसला. मी लेबल बघितलं, बाय. आपली जांभळ.”

“मग?”

“सकाळी चहा घेऊन गेलो तर पायरीवर बसलेला. मला इचारतो, तू काही विचारलंस का? म्हटलं, नाय साहेब. थोड्या वेळानं परत. तुम्ही काही विचारलंत का? मॅनेजरला इचारलं, घोडेवाल्याला इचारलं. मग एकदम उठला, बिल दिलं, दुसरी बाटली माझ्या हातात कोंबली. ठेव तूच, म्हनाला. खाली उतरताना दोनदा मागं वळून बघितलं. मागं कोन नव्हतं.”

“त्याला काय ऐकू येत होतं, ते सांगितलं का?”

“त्यानं नाय सांगितलं. मला म्हाईत हाय ना. तुला नाय म्हाईत?”

आम्ही दोघं खाली उतरलो. बाटली माझ्या पिशवीत होती, जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्यात रोवलेली. नेरळला उतरून कर्जत, तिथून रिक्षा, आणि चारच्या सुमारास घरी.

मोठीआई छताकडे बघत पडली होती. ओठ सुकून पापुद्रे निघाले होते. आई खाटेच्या पायाशी बसली होती. दादाच्या खिशात ओपनर असतोच, धंद्याचा. त्यानं लाख खरवडली, झाकणाला ओपनर लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

झाकण निघालं तेव्हा बिअरच्या बाटलीचा होतो तसा फुस्स आवाज झाला नाही. गुटुक, असा आवाज आला. मग थोडं थांबून परत.

दारातला कुत्रा उठून अंगणाबाहेर चालता झाला. आईनं पदर तोंडाशी धरला. आठ महिन्यांनी तो आवाज घरात येत होता, एका बाटलीच्या गळ्यातून.

हे पत्रकात लिहिता येत नाही. पत्रकात पुरावा लागतो. माझ्याकडे पुरावा एवढाच आहे: त्या वेळी गावातल्या चार बायका आपापल्या घरातून हंडे घेऊन निघाल्या आणि वर झऱ्यावर गेल्या. एकमेकींना विचारलं नव्हतं. एक वरच्या आळीची, दोघी खालच्या, चौथी तर बहिरट, तिला मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही. झरा बोलायला लागला म्हणून गेलो, असं चौघींनी सांगितलं. कुंड कोरडं होतं. चौघी तिथं एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या आणि रिकामे हंडे घेऊन परत आल्या. बाटलीचं त्यांना कुणी बोललं नव्हतं.

मी स्टीलच्या वाटीत थोडी ओतली. कोऱ्या चहाहून काळी, वर तपकिरी फेस. म्हातारीच्या तोंडात घालण्याआधी आपण चाखायला हवी, म्हणून वाटी ओठाला लावली. आयुष्यातला माझा दारूचा पहिला घोट. आधी भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, मग संत्र्याच्या सालीसारखं काही, मग काडेचिराइताचा कडवटपणा, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. मला थुंकावंसं वाटलं. आणि त्या कडूच्या खालून ते आलं. दगड. शेवाळ. जांभळीच्या मुळाची तुरट चव. बाटली दिवसभर माझ्या पिशवीत तापली होती, वाटी कोमट लागत होती, तरी माझ्या मागच्या दाढा ठणकल्या.

आणि कुणीतरी विचारलं, “कुणासाठी?”

आवाज खोलीतला नव्हता. डोक्यातला होता असंही म्हणवत नाही. घोट अजून तोंडात होता आणि प्रश्न त्या घोटाच्या जागीच होता. रागाचा नव्हता. दमलेला होता. खूप जणांना विचारून झालेलं आहे आणि कुणी सांगितलेलं नाही, असा.

दादा माझ्याकडे बघत होता. “इचारलं?”

मी मान हलवली.

“सांग मग,” तो म्हणाला. “पुरं नाव सांग, बाय. आईच्या बापाचं नाव तुला म्हाईत हाय.”

आई रडायला लागली. पुरं नाव म्हणजे शेवटचं पाणी. सगळ्यांनी ते मनात धरलंच होतं. डॉक्टरांनी, दादानं, आईनं. मीही. डोंगर उतरताना ते पुरं नाव मी मनात म्हणत आले होते, अडखळू नये म्हणून. वाटी हातात धरून मी मोठीआईकडे पाहिलं. तिचे डोळे छतावरून उतरून माझ्या तोंडावर आले होते. ती माझे ओठ बघत होती.

मी अर्धं नाव घेतलं. नुसतं तिचं. मोठ्यानं, कुंडावर घेतात तसं.

दादा काहीतरी बोलणार होता. त्याआधी मोठीआईनं तोंड उघडलं.

एक चमचा. तिनं तो बराच वेळ तोंडात धरला. गिळला. मग स्पष्ट बोलली, पंधरा दिवसांत बोलली नव्हती इतकं स्पष्ट.

“पानी आपलं हाय.” जिभेनं ओठ चाचपले. “कडू कशानं झालं? कोंडून ठेवलं हुतं?”

“हो.”

“झरा गेला ना गं?”

आईनं नको म्हणून माझा हात दाबला. पण महिनोन् महिने मी जे नाटक करत होते ते त्या चवीपुढे टिकणारं नव्हतं. “गेला,” मी म्हणाले.

“कोनी नेला?”

“कंपनीनं. माझी सही आहे कागदावर.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झालं, मीच मारलं. बाहेर अंगणात कुणाचा तरी हंडा दगडावर टेकल्याचा आवाज आला. मोठीआईनं डोळे न उघडता विचारलं, “समदं पानी या एकाच शिशीत हाय?”

“नाही. अशा बऱ्याच आहेत. लोकांच्या घरी.”

“मंग ते बी इचारत असंल.” श्वास घेतला. “तू नेऊ दिलंस ना? मंग तूच आन.”

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. कामाला लावलं.

त्या दिवसापासून असं चाललं आहे. नळाच्या पाण्याच्या तांब्यात त्या बाटलीतला एक चमचा टाकायचा, नाव घ्यायचं, तोंडाशी न्यायचं. ती पिते. चमचा न टाकता दिलं की ओठ मिटतात. आम्ही लपवून करून पाहिलं, दुसरी बिअर आणून करून पाहिलं. फसत नाही. पिते म्हणून पेजही खाते, परवा दादाला दाढी वाढली म्हणून रागावली. दारूबंदीवाल्या बाईच्या फ्रिजमध्ये दारू आहे हे गावभर झालं. फाट्यावरच्या जुन्या बारवाल्यानं मला रस्त्यात अडवून विचारलं, “काय मग, उभी का आडवी?” मी पिशवी सावरून पुढे निघाले.

आणि मला विचारणं थांबलेलं नाही. मी एकच घोट घेतला होता. गेल्या आठवड्यात खोपोलीच्या सभेत बोलता बोलता पाण्याचा ग्लास उचलला आणि विचारलं गेलं. दीडशे डोळ्यांसमोर मी माइकवर म्हणाले, “माझ्यासाठी.” लोकांना वाटलं, भाषणाचाच भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. मी उत्तर देते. दर वेळी देते. ते थांबत नाही, एवढं मोठीआईनं खरं सांगितलं होतं.

काल बाटली उजेडात धरून पाहिली. तळाला दोन बोटं उरली आहे. रोजच्या चमच्यांनी ती रंगपंचमीपर्यंत जाईल, त्यापुढे नाही. भट्टीवर जाऊन आले. त्यांच्याकडे एकही शिल्लक नाही, सगळ्या गेल्या, असं फाटकावरच सांगितलं. ते खरं असावं. बोअर बंद करायचा नवा ठराव आम्ही मांडला आहे, आणि या वेळी प्रत्येक कलम मोठ्यानं वाचलं जाईल, दोनदा. पण तो झाला तरी मुळांतून पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. मोठीआईला तेवढा वेळ नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. तुमच्यासाठी म्हणजे ज्याच्या कपाटात काचेमागे ती बाटली उभी आहे त्याच्यासाठी. तुम्ही ती विकत घेतली आहे, पावती आहे, मान्य. तुमच्याशी मला त्यावर वाद घालायचा नाही. तुम्ही ती पिणार नाही हेही मला माहीत आहे. तिच्यात एका बाईचे आणखी पंधरा-वीस दिवस आहेत, आणि तुम्ही त्यांचे फोटो काढताय.

उठा. कपाट उघडा. लाख फोडू नका. बाटली पिशवीत घाला, कर्जतला उतरा, दहिवलीच्या पुढे येऊन झऱ्याचं गाव कुठलं ते कुणालाही विचारा, आणि ती आमच्या हातात द्या. रंगपंचमीच्या आत.